बाळाच्या वाटीचा इतिहास

अन्नाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा राजाच्या मुदपाकखान्यापासून आरंभ करितात, आणि त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. कारण जें लिहून ठेविलें गेलें तें राजाच्याच ताटाविषयीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या, इ. स. ११३० च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मांडे आहेत, वडे आहेत, पोळ्या आहेत, नाना प्रकारचीं मांसान्नें आहेत. सतराव्या शतकांत रघुनाथ नवहस्तानें 'भोजनकुतूहल' लिहून धान्यांचे व पक्वान्नांचे गुणदोष सांगितले. पुढें मुद्रणकला आली, १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' छापून निघालें आणि १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं हजार पाकक्रियांचें 'गृहिणी-मित्र' मराठी गृहिणींच्या हातीं दिलें. परंतु घरांतील सर्वांत लहान माणूस ज्या वाटींतून जेवतो, ती वाटी या ग्रंथांच्या राजमार्गावर सहसा दृष्टीस पडत नाहीं. तिचा माग काढावयाचा तर वैद्यांच्या पोथ्या उघडाव्या लागतात, आणि पोथ्यांपेक्षांही अधिक, आजीबाईंच्या चुलीपाशीं जाऊन बसावें लागतें.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत बालसंगोपनाचा विचार आला आहे. सहाव्या महिन्यांत बालकास अन्न द्यावें असें तेथें सांगितलें असून त्या अन्नास दोनच विशेषणें लाविलीं आहेत: लघु आणि हित. लघु म्हणजे पचावयास हलकें; हित म्हणजे देहाची वाढ करणारें, पथ्यकर. हीं दोन विशेषणें वाचतांना सहज वाटतात, पण चुलीपाशीं तीं एकमेकांशीं भांडूं लागतात. जें हलकें असतें तें बहुधा पातळ आणि निःसत्त्व असतें. जें सकस असतें तें बहुधा जड असतें. साबुदाण्याची पाण्यांत केलेली खीर लघु खरी, पण तिच्यांत पिठूळ अंशाखेरीज फारसें कांहीं नाहीं. हरभऱ्याच्या डाळीचें पुरण सकस खरें, पण तें सात महिन्यांच्या पोटांत घालावयास कोण धजेल? श्रोतेहो, बाळाच्या अन्नाचा सारा इतिहास म्हणजे या दोन शब्दांचा संसार नीट लावण्याचा प्रयत्न आहे असें म्हटलें तरी चालेल.

काश्यपसंहिता ही तर मुख्यतः बालकांच्याच चिकित्सेची संहिता. तिच्यांत सहाव्या महिन्यांत फळें आणि दहाव्या महिन्यांत धान्य असा क्रम सांगितला आहे. धान्यासाठीं दहाव्या महिन्यापर्यंत थांबणें आजच्या ज्ञानाप्रमाणें उशिराचें ठरतें. कारण सहा महिन्यांनंतर एकट्या आईच्या दुधानें बालकाची लोहाची व एकंदर पोषणाची गरज भागत नाहीं. सुश्रुताचा सहावा महिना मात्र कसोटीस उतरला. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्य देशांत दोन-तीन महिन्यांच्या अर्भकासही धान्याची लापशी भरविण्याची चाल पडली होती. ती हळूहळू मागें पडली, आणि २००१ सालीं जागतिक आरोग्य सभेनें पहिले सहा महिने केवळ आईचें दूध व त्यानंतर दुधाच्या जोडीला अन्न, असा ठराव केला. म्हणजे फिरून आपण त्याच महिन्यावर आलों. तथापि एवढ्यावरून प्राचीनांचें सर्वच ग्राह्य मानावें असें नाहीं. जन्मतांच बाळास मध-तूप चाटविण्याची चाल जुन्या ग्रंथांतूनच आलेली आहे; परंतु मधांत कधीं कधीं असणाऱ्या जंतुबीजांमुळें एक वर्षाच्या आंतील बालकास भयंकर विषबाधा होऊं शकते हें १९७६ च्या सुमारास उघडकीस आलें, आणि त्या वयांत मध पूर्णपणें वर्ज्य ठरला.

अन्नाच्या या आरंभास आपल्याकडे उष्टावण म्हणतात. मामाच्या मांडीवर बाळ बसवावयाचें, चांदीच्या वाटींतील खीर सोन्याच्या अंगठीनें त्याच्या ओठांस लावावयाची, हा थाट प्रत्येक घरीं शक्य नव्हता. पण मुहूर्ताच्या निमित्तानें घरांतील सर्वांस वेळेची आठवण होई, हा त्या संस्काराचा खरा उपयोग होता असें मला वाटतें.

उष्टावण झालें, मग दुसऱ्या दिवशीं काय? येथें भाषाच आपल्याला वाट दाखविते. संस्कृतांतील 'पेया' हा शब्द प्राकृतांतून मराठींत उतरला आणि त्याची 'पेज' झाली. वमन-विरेचनानें क्षीण झालेल्या रोग्यास पुन्हां जेवणावर कसें आणावें हें सांगतांना चरकानें आधीं पेया, मग विलेपी, मग मुगाचें कढण अशी पायरी लावून दिली आहे. विलेपी म्हणजे आपला गुरगुट्या भातच. दुखणेकऱ्याच्या पोटाला जी शिडी लावावयाची तीच बाळाच्या पोटालाही लावावी, ही कल्पना कोणा एका वैद्याची नसावी. घरोघरच्या अनुभवानेंच ती रुजली असावी. कोंकणांत व गोमंतकांत पेज हें केवळ बाळाचें अन्न राहिलें नाहीं. शेतांत राबणारा मनुष्यही सकाळीं उकड्या तांदळाची पेज जेवूनच कामास लागे. बाळाची पेज तेवढी अधिक शिजविलेली व अधिक घोटलेली.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आज मराठी स्वयंपाक म्हटला कीं मिरची आधीं आठवते. पण मिरची, बटाटा, टोमॅटो हीं सारीं अमेरिका खंडांतून आलेलीं. पोर्तुगीज लोक या किनाऱ्यावर उतरल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढें, तीं आपल्या चुलीपर्यंत पोंचलीं. तांदूळ, मूग, जिरें, हिंग, सुंठ, हळद आणि तूप हें मात्र चरक-सुश्रुतांच्याही ओळखीचें. म्हणजे घरांतील मोठ्या माणसांचें ताट गेल्या चारशें-पांचशें वर्षांत ओळखूं येणार नाहीं इतकें बदललें; बाळाची वाटी तेवढी जुनीच राहिली. मिरची येण्यापूर्वींचा महाराष्ट्र कसा जेवत होता हें ज्याला चाखून पाहावयाचें असेल, त्यानें खिमटाचा एक घास घ्यावा.

हें खिमट करण्याची रीत घरोघरीं थोडीफार निराळी असते, पण तिचा गाभा एकच. तांदूळ दोन भाग व मुगाची डाळ एक भाग घ्यावयाची. दोन्हीं धुवून फडक्यावर सुकवावयाचीं, मंद आंचेवर खमंग होईपर्यंत भाजावयाचीं आणि भरडून डब्यांत भरून ठेवावयाचीं. लागेल तेव्हां त्यांतील दोन चमचे भरड पाण्यांत कालवून, चिमूटभर जिरेपूड व हिंगाचा कण घालून, मऊ होईपर्यंत शिजवावयाची आणि वरून साजूक तूप सोडावयाचें. पाव घटकेंत होणारें हें काम. तान्ह्या मुलाच्या आईस तेवढीच सवड असते, आणि भरड आधींच करून ठेवण्यांत तिच्या सासूनें किंवा आईनें तो वेळ जणूं साठवून ठेविलेला असतो. मीठ पहिल्या वर्षांत घालूं नये असें आतांचे डॉक्टर सांगतात; जुन्या बायका नांवापुरतें घालीत. या एका बाबतींत डॉक्टरांचें ऐकावें.

या साध्या कृतींत किती गोष्टी साधल्या आहेत! तांदळांत लायसीन नांवाच्या प्रथिनघटकाची उणीव असते, ती मूग भरून काढतो. मुगांत गंधकयुक्त प्रथिनघटक कमी, ते तांदूळ पुरवितो. भाजल्यानें धान्याचा पिठूळ अंश कांहीं प्रमाणांत फुटतो व पचावयास सोपा होतो, शिवाय ओलावा गेल्यामुळें भरड टिकते. आणि तूप? तुपाकडे आपण लाडाची वस्तु म्हणून पाहतों. वास्तविक तें येथें हिशेबाची वस्तु आहे. आठ किलो वजनाच्या बालकाच्या पोटांत एका वेळीं सुमारें २४० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर अन्न मावतें. पेज पातळ असेल तर पोट पाण्यानेंच भरतें, मूल तोंड फिरवितें, आई म्हणते 'पोट भरलें', आणि मूल मात्र उपाशीच राहतें. चमचाभर तुपानें वाटीचा आकार न वाढतां तिच्यांतील शक्ति वाढते. 'लघु' आणि 'हित' यांचें भांडण मिटविणारा तो एक मध्यस्थ आहे. तूप नसेल तेथें तिळाचें किंवा शेंगदाण्याचें तेल तेंच काम करितें.

येथें एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे: तांदूळ-मूग-तूप ही सुखवस्तु घरची गोष्ट झाली. देशावरील कुणब्याच्या घरीं रोजचा भात कोठें होता? तेथें ज्वारीच्या भाकरीचा मऊ भाग दुधांत नाहींतर तिखट न घातलेल्या आमटींत कुस्करून बाळास भरवीत. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकांत कालवीत. कोळ्यांच्या व इतर मांसाहारी घरांत कांटे काढलेली मासळी किंवा अंडें मुलास लवकर मिळे, आणि लोहाच्या व प्रथिनांच्या दृष्टीनें पाहतां तें मूल वरणभात खाणाऱ्या मुलाहून कांकणभर सरसच जेवत असे. पद्धत मात्र सर्वत्र एकच दिसते. बाळासाठीं निराळा स्वयंपाक नव्हता. घरांत जें शिजे त्यांतूनच फोडणी व तिखट पडण्यापूर्वीं बाळाची वाटी बाजूस काढली जाई.

मावळांतील व कोंकणांतील डोंगरउतारावर नाचणी होते, आणि बाळाच्या अन्नांत तिचें स्थान फार वरचें आहे. हें धान्य गरिबाचें म्हणून पुष्कळ दिवस हिणविलें गेलें. पण शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३४० मिलिग्रॅम चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम असतो. गाईच्या तितक्याच दुधांत तो सुमारें १२० मिलिग्रॅम. अर्थात् बाळ एका वेळीं शंभर ग्रॅम कोरडी नाचणी खात नाहीं, वीस-पंचवीस ग्रॅमच खातें. तरीही हा आंकडा लहान नाहीं. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून तिला मोड आणावयाचे, मग सुकवून दळावयाची, ही रीत आपल्या बायकांना कोणी शिकविली तें सांगतां येत नाहीं; परंतु तिचें मर्म १९८० च्या दशकांतील संशोधनानें स्पष्ट केलें. मोड येतांना धान्यांत अमायलेज नांवाचें एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें व तें पिठूळ अंश तोडतें. त्यामुळें एरव्हीं खळीसारखी घट्ट होणारी लापशी पातळ राहते, आणि पातळ ठेवण्यासाठीं तींत पाणी वाढवावें लागत नाहीं. त्याच वाटींत दुप्पट पीठ मावतें व तें बाळाला गिळतांही येतें. मोडाच्या पिठाचा एक चमचा साध्या पिठाच्या घट्ट लापशींत ढवळला तरी ती बघतां बघतां सैल होते. पीठ कडक भाजलें तर मात्र तें पाचक द्रव्य मरतें, हें ध्यानांत ठेवावें. शिवाय वस्त्रगाळ सत्त्वाचा अतिरेकही बरा नव्हे. नाचणीचा चुन्याचा अंश बराचसा सालींत असतो, आणि पांढरेंशुभ्र सत्त्व काढण्याच्या हौसेपायीं तोच चोथ्याबरोबर गुरांपुढें जातो.

पांढरेपणाच्या या हौसेनें तांदळाच्या बाबतींत तर मोठाच अनर्थ केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यांत्रिक गिरण्या आल्या आणि हातसडीच्या तांबूस तांदळाच्या जागीं चकचकीत तांदूळ बाजारांत आला. पूर्वेकडील देशांत बेरीबेरीनें माणसें लुळीं पडूं लागलीं; अंगावर पिणारीं मुलें तर एकाएकीं दगावत. डच वैद्य आयकमन यानें जावा बेटांत कोंबड्यांवर प्रयोग करून १८९० च्या दशकांत दाखविलें कीं, सडलेल्या तांदळानें रोग होतो व कोंड्यानें तो बरा होतो. पुढें त्या द्रव्यास थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, हें नांव मिळालें. आपल्या किनाऱ्यावरील उकड्या तांदळाचें महत्त्व त्यामुळें कळलें: साळ उकडतांना हें जीवनसत्त्व सालींतून दाण्याच्या आंत शिरतें आणि मग गिरणींत सडलें तरी बरेंचसें टिकतें. भाताची पेज ओतून न देणें, तांदूळ दहा पाण्यांनीं न धुणें, या आजीबाईंच्या काटकसरीचा अर्थही तेव्हांच उमगला. कुन्नूर येथें मॅकॅरिसन यांनीं व त्यांच्यामागून आयक्रॉइड यांनीं भारतीय आहारांचा पद्धतशीर अभ्यास चालविला, आणि १९३७ सालीं आपल्या अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचें पुस्तक प्रथम प्रसिद्ध झालें. इकडे वर्ध्यास मगनवाडींत १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ व गूळ यांचा पुरस्कार केला. त्यांत अर्थकारण होतें, राजकारण होतें, पण बाळाच्या वाटीचा विचारही होता.

त्याच सुमारास शहरांतील सुशिक्षित घरांत डबे शिरले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८६५ च्या सुमारास अर्भकांसाठीं कृत्रिम अन्न सिद्ध केलें; १८६७ मध्यें स्वित्झर्लंडांत हेन्री नेस्ले यानें दूध व गव्हाचें पीठ यांचें बालअन्न विकावयास काढलें. ज्या बालकाची आई नाहीं त्याचे प्राण अशा अन्नानें वांचलेले आहेत, हें विसरूं नये. परंतु डब्याबरोबर डब्यावरील गुटगुटीत बाळाचें चित्रही घरांत आलें आणि घरची भरड मागासलेली ठरली. गरीब घरांत तर डबा पुरवून वापरावयाचा म्हणून भुकटी कमी व पाणी अधिक, आणि तें पाणी नीट उकळलेलें नाहीं, अशी दुहेरी आपत्ति ओढवली. या प्रकाराविरुद्ध जगभर ओरड होऊन १९८१ सालीं जागतिक आरोग्य सभेनें विक्रीसंबंधीं संहिता केली, व आपल्या देशांत १९९२ च्या कायद्यानें बालदुग्धाच्या जाहिरातींवर बंदी आली.

बाळाच्या अन्नांत नेमकें काय कमी पडतें, या प्रश्नावर विद्वानांचा एक मोठा वाद झाला, आणि त्यांत एका मराठी गृहस्थांचा हात आहे. १९३३ मध्यें सिसिली विल्यम्स या बाईंनीं आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट वसाहतींत, म्हणजे आजच्या घाना देशांत, सुजलेल्या मुलांच्या एका रोगाचें वर्णन केलें. तेथील गा भाषेंत त्यास क्वाशिओरकर म्हणत. पाठचें भावंड आल्यावर दुधावरून तुटलेल्या मुलाचा हा रोग. अशा मुलांस मक्याची पातळ आंबलेली लापशी तेवढी मिळे. तेव्हांपासून सर्व दोष प्रथिनांच्या कमतरतेवर लादण्यांत आला आणि जगभर प्रथिनांच्या भुकट्यांचा वर्षाव सुरू झाला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या काळीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनीं आंकडे मांडून दाखविलें कीं, आपल्याकडील डाळ-धान्याच्या आहारांत प्रथिनांचें प्रमाण मुळांत पुरेसें आहे. उणीव आहे ती अन्नाच्या एकंदर परिमाणाची. मूल पोटभर जेवेल तर प्रथिनें आपोआप मिळतील. सुखात्म्यांच्या इतर कांहीं मतांवर पुढें टीका झाली व ती सर्वस्वीं अनाठायीं नव्हती. पण या मुद्द्यावर काळानें त्यांची बाजू उचलून धरली. १९७४ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत मॅक्लारेन यांनीं त्या साऱ्या प्रथिन-प्रकरणास फजिती हाच शब्द वापरला. वरणभाताची व खिमटाची अब्रू अशा रीतीनें परत आली. मात्र लोह, जीवनसत्त्वें व जस्त यांचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. त्यासाठीं वाटींत शिजवून घोटलेली पालेभाजी, लिंबाचे दोन थेंब, आणि चालत असेल तेथें अंडें व मासळी यावीच लागते.

घरची चूलच विझली तर काय होतें तें महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळांत पाहिलें. भाजलेलें पीठ व गूळ यांची सुकडी त्या वेळीं कामावरील मजुरांना व मुलांना वांटली गेली, आणि ती खाऊन जगलेले लोक आजही तिचें नांव काढतात. रीत खिमटाचीच: धान्य आधीं भाजून ठेवावयाचें, म्हणजे इंधन, वेळ आणि भांडीं कमी लागतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजनेस प्रारंभ झाला व गांवोगांव अंगणवाड्या निघाल्या. तेथें कोणी शिजवावें, गांवच्या बायकांनीं कीं ठेकेदाराच्या कारखान्यानें, हा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ सालीं न्यायालयानें या पुरवठ्यांतून ठेकेदारांस वगळण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकास रोज ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनें देण्याचें ठरविलें.

हे आंकडे वाटींत मोजून पाहूं. शंभर ग्रॅम कोरडी तांदूळ-मुगाची भरड म्हणजे सुमारें ३५० कॅलरी. तींत तीन लहान चमचे तूप घातलें तर बेरीज पांचशेंच्या जवळ येते, आणि प्रथिनेंही बारा ग्रॅमांच्या आसपास भरतात. एवढी भरड शिजली म्हणजे तिच्या तीन-चार वाट्या होतात, आणि वर्षाच्या मुलास त्या एका बैठकींत खाववत नाहींत; दिवसांतून तीन वेळां चूल पेटवावी लागते, तीन वेळां मांडीवर घेऊन, चिऊ-काऊचे घास करून भरवावें लागतें. तीन वर्षांखालील मुलांचा शिधा कायद्याप्रमाणें घरीं नेण्यासाठीं देतात. तो घरीं पोंचला कीं थोरल्या भावंडांच्या ताटांतही वांटला जातो, आणि आई जर उजाडतां शेतावर गेली असेल तर दुपारची वाटी सात-आठ वर्षांच्या ताईच्या हातीं असते.